बर्फाने आणलेला उपरा दगड: ओळखायचा कसा आणि आला कुठून ते शोधायचं कसं

स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेची बेटं), ग्रीनलंड, आइसलँड, उत्तर कॅनडा असं कुठे कुठे फिरून आलेली मंडळी आणि भूशास्त्र शिकणारी मुलं मला दगडांचे फोटो पाठवतात, आणि फोटोखाली जवळपास एकच वाक्य असतं, मॅडम हा बघा इरॅटिक, एकटाच पडला होता. इरॅटिक म्हणजे बर्फाने दुसरीकडून उचलून आणून टाकलेला उपरा दगड. पण एकटा पडलाय, मोठा आहे, आजूबाजूला सपाट आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. अडचण अशी की सगळे दगडाचा फोटो काढतात आणि ज्या कातळावर तो बसलाय त्या कातळाचा फोटो कुणीच काढत नाही, आणि खरं उत्तर निम्म्याहून जास्त वेळा खालच्या कातळातच असतं. म्हणून हा लेख. क्रमाने करा, क्रम मोडला की गोंधळ ठरलेला.

टप्पा १: निघायच्या आधी घरी करायची तयारी

तिथे पोचल्यावर नेट नसतं, थंडीत डोकंही हळू चालतं, म्हणून तीन गोष्टी घरूनच घेऊन जा.

पहिली, त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा. नुसता टुरिस्ट नकाशा नको, कुठे कुठला खडक उघडा आहे ते दाखवणारा हवा. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदला जाणार असाल, जिथे २००८ पासून आपलं हिमाद्री हे संशोधन स्टेशन आहे, तर ब्र्योगर द्वीपकल्पावर मुख्यतः चुनखडक आणि त्याच्या जातीचे थर आहेत, फ्योर्डच्या (डोंगरांमधल्या खोल चिंचोळ्या खाडीच्या) आतल्या बाजूला लाल वाळूचा खडक आहे, पलीकडे ब्लोमस्ट्रांड बेटावर संगमरवर आहे, एवढं तोंडपाठ असलं तरी निम्मं काम झालं. त्या लाल खडकामुळे क्रोनेब्रीन हिमनदीच्या तोंडाशी समुद्राचं पाणीसुद्धा लालसर दिसतं, म्हणजे वरच्या बाजूला काय आहे ते पाणीच सांगत असतं.

दुसरी गोष्ट, बर्फ कुठून कुठे गेला त्याची माहिती. आत्ता हिमनदी कुठे वाहते ते नाही, हिमयुगात मोठी चादर असताना ती कुठल्या दिशेने सरकत होती ते. दोन्ही दिशा वेगळ्या असू शकतात, कारण जाड चादर डोंगर-दऱ्यांची फारशी पर्वा करत नाही आणि पातळ हिमनदी दरी सोडत नाही.

तिसरी, जुना समुद्र कुठल्या उंचीपर्यंत होता तो आकडा. हा सगळेच विसरतात, आणि तो टप्पा ८ मध्ये लागणारच आहे.

सामान फार नको. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, पेन्सिल (पेनाची शाई गोठते), जाड कागदाची वही, जीपीएस, फोटोत स्केल म्हणून ठेवायला काहीतरी. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा, बाहेरच्या खिशात ठेवल्या की तासाभरात मान टाकतात. होकायंत्र न्या पण त्याच्यावर विसंबू नका. ध्रुवाजवळ चुंबकाचा आडवा ओढा कमी असतो, सुई खाली झुकते आणि घासते, आपल्याकडे घेतलेलं होकायंत्र तर आपल्या अक्षांशासाठी तोललेलं असतं, ते तिकडे नीट फिरतच नाही. दिशा घ्यायची तर शंभर मीटर सरळ चालून दोन्ही टोकांचे जीपीएस बिंदू घ्या आणि त्यावरून काढा.

आणि सराव. ध्रुवावर जाऊन पहिल्यांदा ओरखडे बघू नका. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर बर्फाने पाडलेले ओरखडे आहेत आणि त्याच्यावर तालचीर नावाचा गोटेथर आहे, साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन गोंडवन या जुन्या महाखंडात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती तेव्हाचा. गोट्यांत ग्रॅनाइट, नाइस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक), क्वार्टझाइट असं सगळं एकत्र कालवलेलं. विदर्भातल्या उन्हात उभं राहून बर्फाची सही बघायची, तिथे दोन तास घालवले की डोळा तयार होतो. हातोडा मात्र गाडीतच ठेवा, त्या जागेचे तुकडे पाडून नेण्यात काही अर्थ नाही.

इशारा: अंटार्क्टिकात परमिटशिवाय दगड उचलायचा नाही, खिशात मावणारा खडासुद्धा नाही. आपल्याकडे यासाठी २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आहे. स्वालबार्डवर १९४६ च्या आधीच्या माणसांच्या सगळ्या खुणा संरक्षित आहेत, त्यात दगडांची रासही आली. आणि स्वालबार्डला वस्तीबाहेर पाऊल टाकताना सोबत पांढऱ्या अस्वलापासून रक्षण करू शकणारा माणूस हवाच, दगड बघता बघता मान खाली जाते आणि आजूबाजूचं भान राहत नाही.

टप्पा २: बर्फ दगड कुठल्या वाटेने नेतो ते आधी पक्कं करा

हे पाठ्यपुस्तकासारखं वाटेल पण वगळू नका, कारण दगडाचा आकार त्याच्या वाटेवरून ठरतो. मी मुलांना असं सांगते की हिमनदीची बस तीन मजल्यांची आहे.

वरचा मजला. कड्यावरून दरड कोसळून दगड बर्फाच्या पाठीवर पडतो आणि तिथेच बसून प्रवास करतो. कुणाशी घासत नाही, म्हणून कडा धारदारच राहतात. सगळ्यात ठळक उदाहरण कॅनडात अल्बर्टामधलं ओकोटोक्सजवळचं बिग रॉक, वजन साधारण १६,५०० टन, क्वार्टझाइटचा. तो जॅस्परच्या डोंगरातून दरडीने बर्फावर पडला आणि मग बर्फाने त्याला खाली माळरानावर आणलं. आज ती जागा ध्रुवीय नाही पण तेव्हा तिथे हिमचादरीची कड होती. त्याच्याबरोबरचे हजारो दगड सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि चिंचोळ्या पट्ट्यात पडलेत, कारण डोंगराकडून आलेला बर्फ पूर्वेच्या मोठ्या चादरीला अडून तिच्या कडेकडेने सरकला. एवढा प्रवास करून तो दगड गुळगुळीत नाही, कोनेदार आहे. म्हणजे लांबून आलेला दगड गोलच असणार ही समजूत इथेच सोडून द्या.

तळमजला. बर्फ जर तळाशी वितळायच्या बेतात असेल तर तो कातळाच्या फटीत पाणी घालतो, ते गोठतं, आणि बर्फ पुढे सरकताना तुकडा उपटून नेतो. तो तुकडा मग कातळावर घासत जातो. सहाणेवर हळकुंड उगाळलं की जशी त्याला एक सपाट बाजू येते तशी त्या दगडाला येते. मध्येच दगड फिरला की दुसरी बाजू सपाट होते, आणि या सपाट बाजूंवर ओरखडे.

मधला मजला. वरून पडलेले दगड नंतर पडलेल्या बर्फाखाली गाडले जातात, किंवा तळातला माल बर्फाच्या घड्यांमुळे वर ओढला जातो. इथले दगड मिश्र स्वभावाचे.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ते. बर्फ तळाशी पूर्ण गोठून कातळाला चिकटलेला असेल तर तो जवळजवळ घसरतच नाही, आतल्या आत वाकत सरकतो, आणि खालची जमीन जशीच्या तशी राहते. अंटार्क्टिकात आणि उत्तरेकडच्या उंच पठारांवर असं खूप ठिकाणी झालंय. फुटक्या दगडांचं जुनं मैदान न हललेलं, त्यावर नाजूक सुळके उभे, आणि त्यांच्यामध्ये निवांत बसलेला परक्या खडकाचा धोंडा. लोक म्हणतात ओरखडे नाहीत, जमीन खरवडलेली नाही, म्हणजे इथे हिमनदी आलीच नाही. आली होती. गोठलेल्या पायाने आली आणि दगड ठेवून गेली.

अंटार्क्टिकातला आणखी एक प्रकार इथेच सांगते. बर्फ समुद्राकडे वाहताना मध्ये डोंगर आडवा आला की अडतो, वर चढतो, आणि वाऱ्याने त्याचा वरचा भाग वाफ होऊन उडत राहतो. राहते ती निळी बर्फाची लादी, आणि आत अडकलेलं सगळं पृष्ठभागावर येतं. उल्का सापडतात त्या याच लाद्यांवर. १९६९ मध्ये जपानी मोहिमेला यामातो डोंगरांजवळ नऊ सापडल्या आणि तपासल्यावर त्या वेगवेगळ्या जातीच्या निघाल्या, म्हणजे एकाच उल्केचे तुकडे नव्हेत, वेगवेगळ्या वेळी पडलेल्या आणि बर्फाने एकत्र गोळा केलेल्या. म्हणून निळ्या बर्फावर काळा दगड दिसला की लगेच हिमनदीने उपटलेला म्हणू नका, आधी जळल्यासारखी काळी पातळ साल आहे का बघा, आणि हात लावू नका.

टप्पा ३: दगड सोडा, कातळ बघा

जागेवर पोचलात की पहिली पंधरा मिनिटं त्या धोंड्याकडे पाठ करा. खरंच करा. त्याच्या भोवती पन्नास मीटरच्या आत जिथे कातळ उघडा दिसतो तिथे जाऊन बघा, खडक कुठला, रंग कसा, कण केवढे, थर आहेत का, आणि ताजी बाजू कशी दिसते. वरचा रंग फसवतो. ध्रुवीय वाळवंटात जुन्या दगडांवर लालसर-तपकिरी थर चढतो आणि चार वेगळे खडक एकसारखे दिसतात. जिथे बर्फामुळे नुकता टवका उडालाय अशी जागा शोधून तिथे भिंग लावा.

आता धोंड्याकडे या आणि एकच प्रश्न विचारा, हा तोच खडक आहे का?

वेगळा असेल तर पुढे चला. तोच असेल तर थांबा. दोन किलोमीटरवरून बर्फाने आणलेला असेल तरी दोन्हीकडे खडक एकच असल्यामुळे ते नुसत्या खडकावरून सिद्ध होत नाही. वहीत लिहा, हललेला असू शकतो, उपरा म्हणता येत नाही. आइसलँडमधून येणारे बहुतेक फोटो मला इथेच बाजूला ठेवावे लागतात, बसाल्टवर बसाल्ट, त्यातून काय सांगणार. पण त्याच आइसलँडच्या किनाऱ्यावर नाइसचा गोटा सापडला तर उठून बसा, कारण नाइस तिथे कुठेच उघडा नाही, तो समुद्रावरून आलाय, बर्फावर बसून नाहीतर जहाजातून.

अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओअॅसिसमध्ये (बर्फात उघडा राहिलेला कातळाचा तुकडा), जिथे आपलं मैत्री स्टेशन आहे, गोष्ट आणखी अवघड. तिथला कातळच नाइस आणि त्याच्या भाऊबंदांचा, एकाच टेकडीवर पाच-सहा प्रकार. तिथे नुसतं नाइस आहे म्हणून चालत नाही, त्यात गार्नेट हे खनिज आहे का, पट्टे कसे आहेत इथपर्यंत जावं लागतं. उलट दक्षिणेला वोल्थाट डोंगरात अॅनॉर्थोसाइट या जवळजवळ सगळ्या फेल्डस्पार खनिजाच्या खडकाचा मोठा साठा आहे, तसल्या खडकाचा धोंडा उत्तरेला मिळाला तर दिशा लगेच कळते.

तपासून घ्या: वहीत कातळाचं नाव लिहिलंत का? धोंड्याच्या आधी? नसेल तर परत जा.

टप्पा ४: बाकीचे संशयित एकेक करून बाद करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच.

दरड. वर बघा. धोंड्याच्या वर कडा आहे का, तिथून सरळ उताराची वाट आहे का? बर्फ पडलेल्या उतारावरून दगड घसरत अपेक्षेपेक्षा खूप लांब जातात, कारण घर्षण नसतं. कडा चारशे मीटर दूर आहे म्हणून दरड नाही असं म्हणू नका.

जागेवरच गोल झालेला दगड. हे आपल्या लोकांना लगेच कळायला हवं, कारण सह्याद्रीत बसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो आणि आत गोल गोटा राहतो. तो कुठूनही आलेला नसतो. ग्रॅनाइटमध्येही असंच होतं. खालच्या कातळातल्या चिरा आणि धोंड्याच्या बाजू एका ओळीत येत असतील तर तो तिथलाच.

गोठण्याने वर आलेला. जमीन गोठते-वितळते तेव्हा पुरलेले दगड हळूहळू वर ढकलले जातात आणि बाजूला सरकून गोल कडी करतात. न्यू-ओलेसुंदच्या पश्चिमेला क्वादेहुकस्लेट्टावर अशा दगडी कड्या शेकडो आहेत, बघून माणसाने मांडल्यात असंच वाटतं. हे दगड वर आलेत, लांबून आलेले नाहीत. निदान या कारणाने तरी नाहीत.

पूर. हिमनदीखालचं पाणी एकदम फुटलं की घराएवढे धोंडे लोटते. आइसलँडमध्ये नोव्हेंबर १९९६ च्या पुरात स्केइदारारसांदूर या रेताड मैदानावर बर्फाचे अवाढव्य तुकडे वाहून येऊन वितळले आणि खड्डे ठेवून गेले. पुराचे धोंडे एकमेकांवर टेकून, पाणी वाहत गेलं त्या दिशेला कललेले असतात, आणि मधली बारीक माती धुतली गेलेली असते. बर्फाने टाकलेल्या ढिगात धोंडा, खडी, रेती, पीठ असं सगळं न निवडलेलं मिसळलेलं सापडतं.

झाडाच्या मुळ्या आणि समुद्री शेवाळ. सायबेरियातून वाहून आलेले ओंडके स्वालबार्डच्या किनाऱ्यांवर ढिगाने पडलेत. मुळ्यांत धरलेला दगड ओंडक्याबरोबर हजार किलोमीटर येऊ शकतो. मुठीएवढे दगड मोठ्या शेवाळाच्या मुळाशी अडकूनही तरंगत येतात.

पेंग्विन. हसू नका, खरं आहे. अॅडेली पेंग्विन घरट्यासाठी खडे वेचून आणतात, आणि वसाहत सोडून गेल्यावर शेकडो वर्षं ते खड्यांचे गालिचे तसेच राहतात. सगळे खडे चोचीत मावतील एवढेच, एकाच मापाचे, जागा उंच आणि कोरडी. असं दिसलं की बर्फाचं नाव घेऊ नका.

माणूस. जुन्या व्हेलशिकारीच्या तळांजवळ जहाजात वजनासाठी भरलेले दगड किनाऱ्यावर टाकलेले असतात. उत्तर कॅनडात इनुइट लोकांनी वाटेच्या खुणा म्हणून रचलेले दगड आहेत. दगडाखाली दगडाचे लहान टेकू दिसले तर घाई नको, काही धोंडे बर्फ वितळताना खरोखरच तीन खड्यांवर अलगद बसतात. आजूबाजूला अजून रचना आहे का, चूल, कबर, काही, ते बघा. शंका असेल तर माणसाचं समजून लांब राहा.

इशारा: एक कारण बाद झालं म्हणजे बर्फ सिद्ध झाला असं नाही. सगळी यादी संपवा.

टप्पा ५: दगड वाचा

आता भिंग काढा. सपाट झालेल्या बाजू, बोथट कडा, आणि ओरखडे. बर्फाचा ओरखडा सरळ असतो, सुरुवात टोचल्यासारखी, आणि एकाच बाजूवर बहुतेक ओरखडे दगडाच्या लांबीच्या दिशेने, मधूनच एखादा संच तिरका छेदणारा. बारीक कणांच्या खडकावर, चुनखडकावर छान टिकतात. जाड कणांच्या ग्रॅनाइटवर ते क्वचितच सापडतात, म्हणून ग्रॅनाइटवर ओरखडे नाहीत याचा काही अर्थ काढू नका.

वारा फसवतो. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत वारा रेती मारून मारून दगडाला धारा पाडतो, सपाट बाजू करतो, चकाकी आणतो. फरक असा की वाऱ्याच्या खाचा उथळ, गुळगुळीत, थोड्या नागमोडी आणि वरच्याच बाजूला असतात, मातीत रुतलेली बाजू खडबडीत. बर्फाने घासलेला दगड खालच्या बाजूलाही घासलेला असू शकतो. खालची बाजू बघायला दगड उलटायचा असेल तर आधी फोटो, मग उलटा, आणि होता तसाच परत ठेवा. परमिट नसेल तर उलटूच नका.

दगडफूल, म्हणजे दगडावरची बुरशी-शेवाळाची वाढ, वरच्या बाजूला दाट आणि खाली अजिबात नाही असं असेल तर दगड बरीच वर्षं हललेला नाही. दगडफूल खालच्या बाजूला सापडलं तर तो अलीकडे उलटलाय, आणि मग त्याच्या स्थितीवरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही.

टप्पा ६: एक नाही, पन्नास

एका दगडाने काहीही सिद्ध होत नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी माणसं एकाच सुंदर धोंड्याच्या प्रेमात पडतात, आणि मला ते कळतं कारण तो असतोच देखणा, पण पुरावा त्याच्या आजूबाजूच्या साध्या दगडांत असतो.

जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, कमी पडला तर वाढवा, आणि त्यात साधारण तीन ते दहा-बारा सेंटीमीटरचे पन्नास दगड घ्या. निवडू नका, समोर येईल तो. प्रत्येकाचा खडक लिहा, आणि तीन मापं घ्या, सगळ्यात लांब, मधलं, सगळ्यात आखूड. मग कडा धारदार की बोथट ते. आखूड माप भागिले लांब माप केलं आणि उत्तर ०.४ किंवा कमी आलं तर दगड चपटा किंवा काडीसारखा. असे किती टक्के आहेत ते काढा, आणि धारदार किती टक्के तेही. दोन्ही आकडे मोठे असतील तर माल वरच्या मजल्याचा, दरडीचा. दोन्ही लहान असतील तर तळमजल्याचा, घासून आलेला.

इथे एक नेहमीची चूक. स्लेट किंवा शिस्ट (पापुद्रे सुटणारे खडक) कसाही प्रवास करो, चपटाच फुटतो. म्हणून आकाराची तुलना एकाच जातीच्या दगडांची करा. ग्रॅनाइट आणि स्लेट एका हिशोबात घातले की आकडा येतो पण तो खोटा असतो.

पन्नासपैकी परके किती ते शेवटी मोजा. पन्नासात एकच परका असेल तर जपून बोला. दहा-बारा परके आणि तेही दोन-तीन ठरावीक जातींचे असतील तर बर्फाच्या वाटेवर उभे आहात.

टप्पा ७: दिशा

परत कातळाकडे. कातळावरचे ओरखडे रेषा सांगतात पण कुठल्या टोकाकडून कुठल्या टोकाकडे ते सांगत नाहीत, आणि इथे सर्रास १८० अंशांची चूक होते. त्यासाठी कातळाचे उंचवटे बघा. बर्फ ज्या बाजूने आला ती बाजू उताराची, घासून गुळगुळीत झालेली, आणि ज्या बाजूने गेला ती उपटून तुटलेली, पायऱ्यांसारखी. बसलेल्या म्हशीकडे बाजूने बघा, एकीकडे सरळ उतरती पाठ आणि दुसरीकडे एकदम खाली, तसं.

निदान दहा ठिकाणी दिशा घ्या. दोन संच मिळाले तर मिसळून सरासरी काढू नका, ते दोन वेगळ्या काळांतले बर्फ असतात. कुठला संच कुठल्याला कापतो ते बघा, कापणारा नंतरचा.

मग नकाशावर तुमच्या जागेवरून बर्फाच्या उलट दिशेला रेषा काढा. रेषा नव्हे, पंखाच करा, कारण बर्फाची दिशा बदलत राहते आणि एका उगमातले दगड पुढे पंख्यासारखे पसरतात.

टप्पा ८: समुद्राची शंका फेडून घ्या

घरून आणलेला तो तिसरा आकडा आता काढा. हिमचादरीच्या वजनाने जमीन खाली दबते, चादर गेली की हळूहळू वर येते, त्यामुळे जुने किनारे आज डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे दिसतात. स्वालबार्डच्या पूर्वेला कोंगसोया बेटावर असे किनारे शंभर मीटरपेक्षा वर आहेत. या उंचीच्या खाली सापडलेला उपरा दगड हिमनगाने आणून टाकलेला असू शकतो, किंवा किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्री बर्फाने, जो उथळ पाण्यात तळाचे गोटे धरून गोठतो आणि उन्हाळ्यात सुटून निघून जातो.

याने काय बिघडतं? सगळंच. हिमनग वारा आणि प्रवाहाबरोबर जातो, तुम्ही टप्पा ७ मध्ये काढलेल्या रेषेशी त्याचं काही देणंघेणं नाही. हिमयुगात हडसन सामुद्रधुनीकडच्या चुनखडकाचे कण हिमनगांनी अटलांटिक ओलांडून थेट युरोपच्या बाजूच्या समुद्रतळापर्यंत नेलेत. तिथे बसून बर्फाची सरळ रेषा काढली तर उत्तर चुकणारच.

ओळखायचं असं. हिमनगातून सुटलेला दगड मऊ चिखलात वरून पडतो, त्यामुळे त्याच्या खालचे थर दबून वाकलेले आणि वरचे थर त्याच्यावर पांघरुणासारखे असतात. नदीकाठी किंवा कड्यात असा छेद मिळाला तर पोटभर फोटो काढा. शिंपले मिसळलेले असतील तर तीही समुद्राची खूण, पण एकटी पुरेशी नाही, कारण हिमनदी समुद्राचा तळ खरवडून शिंपले वर आणू शकते.

तपासून घ्या: वहीत उंची लिहिलीत का? ती जुन्या समुद्राच्या वर आहे की खाली? हे एक वाक्य नसेल तर बाकी सगळी नोंद अर्धवट.

टप्पा ९: उगम जुळवा

आता पंख्याच्या आत कुठे कुठे तसा खडक उघडा आहे ते नकाशावर बघा. एकाच ठिकाणी असेल तर नशीब. ग्रॅनाइट, क्वार्टझ हे शंभर ठिकाणी असतात, त्यांच्या मागे वेळ घालवू नका. असा खडक शोधा जो बघताक्षणी ओळखू येतो आणि फार थोड्या ठिकाणी मिळतो. हडसन उपसागरातल्या बेल्चर बेटांकडचा करडा ग्रेवॅक (वाळू आणि चिखल मिसळून झालेला खडक) घ्या, त्यात फिकट चुनखडी गोळे असतात, ते झिजून गेले की दगडात वाटीसारखी गोल भोकं राहतात. असे दगड मॅनिटोबा, अल्बर्टापासून खाली नॉर्थ डकोटापर्यंत सापडतात. विनिपेगला राहणाऱ्या मंडळींना नदीकाठच्या खडीत ते मिळू शकतात, शोधा. उत्तर युरोपात ओस्लोच्या परिसरातला रॉम्ब पॉर्फिरी हा ज्वालामुखीय खडक असाच, तपकिरी दगडात समभुज चौकोनासारखे फेल्डस्पार, आणि तो डेन्मार्क, नेदरलँड्स, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचलेला.

दोन चुका इथे हमखास होतात. एक, सगळ्यात जवळचा उगम सोडून लांबचा निवडायचा, कारण तो रोमांचक वाटतो. कुठल्याही खडकाचं प्रमाण उगमापासून थोड्याच किलोमीटरमध्ये झपाट्याने घसरतं, बहुतेक दगड फार लांबचे नसतातच, म्हणून जवळचा उगम पुराव्याने बाद केल्याशिवाय लांबच्याचं नाव घेऊ नका. दोन, गोटा थेट मूळ खडकातूनच आला असं धरायचं. तो आधीच्या एखाद्या हिमयुगात अर्धी वाट आलेला असू शकतो, किंवा जुन्या गोटेथरातून सुटून पुन्हा वाहिलेला. आपल्या तालचीरमधले गोटे आज वर्धा-पैनगंगेच्या काठाला सुटून पडतात, पुढच्या माणसाला ते नदीचेच वाटणार. दगडाचा शेवटचा प्रवास आणि त्याचा सगळा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेळेचा अंदाज घ्यायचा मोह झाला तर साधा हिशोब असा, बर्फ वर्षाला शंभर मीटर सरकत असेल तर पाचशे किलोमीटरला पाच हजार वर्षं. पण अंटार्क्टिकात वेगवान प्रवाह वर्षाला किलोमीटरच्या वर जातात आणि आतला गोठलेला बर्फ काही मीटरच, त्यामुळे हा आकडा वहीच्या समासात ठेवा, निष्कर्षात नको.

टप्पा १०: नोंद, आणि वय काढायचं असेल तर

फोटो किमान पाच. लांबून, ज्यात आजूबाजूचे उतार दिसतात. जवळून, स्केलसकट. धोंडा कातळाला टेकतो ती जागा. कातळाची ताजी बाजू. आणि धोंड्याच्या जागी उभं राहून बर्फ आला त्या दिशेचं दृश्य. जीपीएस बिंदू, उंची, तारीख, खडक, पन्नासचा तक्ता.

वय काढणं हे परमिट आणि प्रयोगशाळा असलेल्यांचं काम, पण चुकीचा धोंडा निवडला की लाखो रुपये वाया जातात म्हणून थोडं सांगते. बर्फाखालून बाहेर आल्यावर दगडावर वैश्विक किरणं पडतात आणि क्वार्टझ या खनिजात बेरिलियम-१० (बेरिलियमचा किरणोत्सारी प्रकार) तयार होत जातं, समुद्रसपाटीला वर्षाला एका ग्रॅममध्ये साधारण चार अणू, इतकं कमी. त्यावरून दगड उघड्यावर किती काळ आहे ते काढतात. किरणांचा जोर खडकात अर्ध्या मीटरच्या आत निम्म्याहून कमी होतो, म्हणून नमुना वरच्या काही सेंटीमीटरचाच. धोंडा मोठा हवा, कातळावर घट्ट बसलेला हवा, सपाट माथ्याचा, उतारापासून दूर. मातीच्या ढिगावरचा नको, ढिगाच्या आत बर्फ असेल तर तो वितळताना धोंडा उलटतो आणि वय कमी दाखवतो. उलट वरच्या मजल्याने आलेला दगड आधी कड्यावर हजारो वर्षं उन्हात उभा असतो, त्यात जुनं बेरिलियम भरलेलं असतं, वय जास्त येतं. म्हणून एका जागेचे चार-पाच धोंडे लागतात आणि ते एकमेकांशी जुळले तरच आकडा छापायचा. गोठलेल्या पायाच्या बर्फाच्या भागात तर खालच्या कातळाचा नमुनाही घ्या. कातळाचं वय धोंड्यापेक्षा खूप जास्त आलं की समजायचं, बर्फाने तो कातळ घासलाच नव्हता.

नमुना घेतलात तर पिशवीवर बाहेरून आणि आतही चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीने लिहिलेली. बाहेरची मार्करची अक्षरं थंडीत आणि घासण्यात पुसली जातात, आणि नाव नसलेला दगड परत आल्यावर कुणाच्याच उपयोगाचा नसतो.